वाटीभर पेट्रोल

इंजिनाचं संपूर्ण काम करून आणलेली गाडी सुरू होते, थोडा वेळ चालते आणि बंद पडते. अशा वेळी सगळ्यांची नजर एकाच जागी जाते: जिथे नुकतेच पैसे ओतलेत तिथे. बोअर घट्ट झालं असेल, बेअरिंग जाम बसलं असेल, टायमिंगचा दात हुकला असेल. हा संशय समजण्यासारखा आहे. आधी गाडी धूर सोडत का होईना, पण चालत होती. उघडली आणि चालेनाशी झाली, म्हणजे उघडण्यातच काहीतरी चुकलं असणार, असं मन म्हणतं. पण इंजिन पुन्हा उतरवण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून ठेवा, असं मी आता भेटेल त्याला आग्रहाने सांगते. गाडी बंद पडली ती कशी? आणि सुरू झाल्यापासून किती वेळाने? आमच्या पद्मिनीचं सगळं दुखणं या दोन उत्तरांत होतं.

ही प्रीमियर पद्मिनी माझ्या सासऱ्यांची. गोव्यात मांडवी नदीवरचा नेहरू पूल जुलै 1986 मध्ये कोसळला, त्यानंतर कितीतरी दिवस ती बेतीच्या फेरीबोटीत चढून पणजीला जायची, हे ते आजही सांगतात. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. फियाट 1100 चा मूळ साचा, 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. आजच्या गाड्यांत असतो तसा संगणक तिच्यात एकही नाही, त्यामुळे बिघाडाचा कोड वाचून दाखवणारं यंत्रही तिला लावता येत नाही. मला विचाराल तर शिकायला हीच गाडी चांगली. पेट्रोल, ठिणगी, हवा आणि दाब, या चारांतलं जे कमी पडेल ते हाताने, कानाने आणि नाकाने शोधावं लागतं. शाळेत विज्ञान शिकवताना 'निरीक्षण' हा शब्द मी फळ्यावर नेहमी लिहिते. त्याचा खरा सराव मला साखळीच्या एका गॅरेजात झाला.

गॅरेज आमच्या मेस्त्रींचं. डिचोली, साखळी, उसगाव या पट्ट्यात वाढलेल्या कितीतरी मेकॅनिकांसारखे तेही खनिजाच्या ट्रकांवर तयार झाले. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद झाल्या. ट्रक दारात उभे राहिले आणि त्यांच्यावर जगणारी गॅरेजं ओस पडली. त्या हातांतली बरीच कला गेली, पण काही जणांकडे ती टिकून आहे. आमचे मेस्त्री त्यांतले. जुन्या गाडीला 'भंगारात द्या' म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'उघडून बघूया' म्हणणारा माणूस जवळपास असणं हे आमचं भाग्य.

काम मोठं होतं. निळा धूर, ऑइल सारखं कमी होणं, चढावाला जीव नसणं, ही सगळी झिजलेल्या पिस्टन रिंगांची लक्षणं. ब्लॉक म्हापशाच्या लेथवर गेला, बोअर एक साइज वाढवून नवे पिस्टन आले, क्रँक ग्राइंड झाली, बेअरिंगं बदलली, हेडचे व्हॉल्व्ह घासून बसवले. सांध्यांतून गळती होऊ नये म्हणून बसवायच्या पॅकिंगचा पूर्ण नवा सेट टाकला. हा सेट लक्षात ठेवा.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ऑइलचा लाल दिवा लगेच विझला, आवाज एकसारखा होता, धूर नव्हता. मेस्त्रींनी कान बॉनेटखाली नेला आणि समाधानाने मान हलवली. काही मिनिटांत आयडलिंग, म्हणजे गॅस न देता इंजिन फिरतं ती गती, खालीवर व्हायला लागलं, इंजिन दोनतीनदा सावरलं आणि मग गप्प झालं. सेल्फ मारला तर फिरत होतं झकास, धरत नव्हतं. थोडा वेळ थांबून, मेस्त्रींनी पेट्रोलच्या पंपाशी काहीतरी केलं की पुन्हा सुरू, आणि पुन्हा तसंच बंद.

मग सल्ले सुरू झाले. लेथवाल्याने फोनवरच सांगितलं, "नवं बोअर आहे, गरम झालं की पिस्टन आवळतंय. थोडं चालू दे, सुटेल." वायरमन म्हणाला ठिणगीच्या यंत्रणेतला कंडेन्सर. शेजारच्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या काकांना खात्री होती की प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर एक दात पुढे बसलाय. सासरेबुवांचं म्हणणं होतं, कार्बोरेटर धुवा. यातला एकही सल्ला वेडगळ नव्हता. प्रत्येक कारणाने गाडी खरोखरच बंद पडू शकते. अडचण एवढीच होती की प्रत्येकाने आपापल्या अनुभवातलं कारण सांगितलं आणि आमची गाडी नेमकी कशी बंद पडते ते कोणीच विचारलं नाही.

आता त्या 'कशी'बद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळा लेख याच्यासाठी आहे.

ठिणगी गेली की इंजिन एका क्षणात मरतं. दिव्याचं बटण बंद करावं तसं. ना धडपड, ना खालीवर होणं. कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन दगा देत असेल, एखादी वायर हलून सुटत असेल, तर असंच होतं. गार झाल्यावर पुन्हा चालू होते, हेही त्याच बिघाडाचं लक्षण. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन भुकेने मरतं: आधी मिश्रण पातळ होतं, आयडलिंग डगमगतं, कधी क्षणभर वाढतंही, कार्बोरेटरमधून एखादी शिंक येते, मग बंद. त्या धडपडीत चोक (हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) ओढला आणि इंजिन चार सेकंद का होईना सावरलं, तर उपासमार जवळजवळ पक्की. पेट्रोल जास्त झालं तर उलट, काळा धूर, ओले प्लग, नाकाला झोंबणारा वास, आणि चोक ओढला तर लगेच मरण. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) घट्ट असतील तर गाडी गार असताना ठीक चालते. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, दाब हळूहळू जातो आणि ताकद ओसरत ओसरत बंद. त्यानंतर सेल्फ मारला तर इंजिन भुर्रकन फिरतं, कारण अडवणारा दाबच नसतो. आणि पिस्टन किंवा बेअरिंग खरोखर आवळत असेल तर सेल्फच जड जातो, मोटर कण्हते.

ही पाच मरणं कानाला वेगवेगळी ऐकू येतात. एकदा ओळखता आली की अर्धे सल्ले आपोआप गळतात. आमची गाडी डगमगून बंद पडत होती, चोकने क्षणभर सावरत होती आणि सेल्फला हलकी पण नेहमीच्या दाबाने फिरत होती. म्हणजे लेथवाल्याचं बोअर निर्दोष. तरी मेस्त्रींनी कॉम्प्रेशनचा गेज लावून पाहिला. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांना चिकटून आले. ठिणगीसाठी पहिल्या प्लगच्या वायरला टायमिंग लाइटचा चिमटा लावून ठेवला. इंजिन शेवटचा वेढा घेऊन थांबेपर्यंत लाइट लुकलुकत होता. कंडेन्सरही सुटला. डिस्ट्रिब्युटरचा दात चुकला असता तर गाडी सुरुवातीपासून अडखळली असती, पहिली काही मिनिटं इतकी छान चालली नसती. फायरिंगचा क्रम 1-3-4-2, वायरी त्याच क्रमाने, टायमिंगची खूण जागेवर.

इथे मला मेस्त्रींच्या एका सवयीचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. ते एका वेळी एकच गोष्ट बदलतात. कंडेन्सर, कॉइल, प्लग, पॉइंट सगळं एकदम नवं टाकलं आणि गाडी चालली, तर बिघाड कशात होता ते कधीच कळत नाही, आणि न बिघडलेल्या वस्तूंचे पैसे मात्र गिऱ्हाईक भरतं. त्यातही, नव्या भागांत एखादा सदोष निघाला तर एका बिघाडाचे दोन होतात. हल्ली बाजारात येणारे कंडेन्सर पाहता हे सहज घडतं.

दुसरा प्रश्न, किती वेळाने. मी मोबाइलवर वेळ लावत होते. गाडी दर वेळी साधारण तेवढ्याच वेळात बंद पडायची. चोक ओढून जरा जोरात चालवली तर लवकर, आयडलिंगवर ठेवली तर उशिरा, पण तीन मिनिटांच्या आसपासच. गार असो, तापलेली असो, फरक नाही. हा 'फरक नाही' फार मोलाचा होता. तापण्याशी संबंध असलेला प्रत्येक बिघाड त्याने बाद केला. कॉइल, कंडेन्सर, टॅपेट, आवळणारा पिस्टन, सगळे तापमानाचे गुलाम. आमचा बिघाड घड्याळाचा होता.

मग गणित सोपं झालं. कार्बोरेटरमध्ये फ्लोटची एक छोटी वाटी असते. पंपाकडून आलेलं पेट्रोल तिथे साठतं आणि तिथूनच जेटच्या बारीक भोकातून इंजिनात जातं. मेस्त्रींनी ती रिकामी केली, आम्ही ते पेट्रोल शाळेच्या मोजपात्रात ओतलं. पन्नास मिलिलिटरच्या आसपास भरलं. एवढ्या आकाराचं इंजिन आयडलिंगला तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल पितं. लिटर धरलं तर मिनिटाला सोळासतरा मिलिलिटर. पन्नास भागिले सोळा, तीन मिनिटं. आमची गाडी बरोबर एक वाटीभर पेट्रोलावर चालत होती आणि वाटी संपली की थांबत होती. पुढच्या वेळी बंद पडल्याबरोबर मेस्त्रींनी कार्बोरेटरचं झाकण उघडलं. वाटी कोरडी होती.

हे कळल्यावर प्रश्न इंजिनातून बाहेर पडला आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेवर आला. ही वाट तपासण्यात गोव्यात एक खास गोष्ट पाहावी लागते. गाडी पावसाळाभर उघडी पडून असली आणि एखादी नळी मोकळी राहिली, तर कुंभारीण माशी तिच्यात मातीचं घर बांधते. बाहेरून काही दिसत नाही, आत नळी बंद. आमची गाडी महिनोन्‌महिने पत्र्याखाली उभी होती, म्हणून नळ्या हवेने फुंकून घेतल्या. स्वच्छ होत्या. टाकीचं झाकण सैल करून गाडी चालवली. टाकीला श्वास घ्यायची वाट बुजली असेल तर आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल पुढे यायला नकार देतं. झाकण उघडताना 'स्स' आवाज आला असता. तसं काही नाही. गाळणी नवी.

राहिला पंप. जुन्या गाड्यांतल्या या यांत्रिक पंपाला आपल्याकडची गॅरेजं एसी पंप म्हणतात. थंड हवेच्या एसीशी त्याचा काही संबंध नाही. आणि पंपावर संशय घ्यायला मेस्त्री मुळीच तयार नव्हते, त्याला कारणही भक्कम होतं.

"बाई, पंपाला बोल लावू नका. हे बघा." त्यांनी पंपाच्या बाजूची छोटी कळ बोटाने खालीवर केली. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून बाटलीत धरली होती, तिच्यातून पेट्रोलची जाड धार उडाली. "बघितलंत? आतला रबरी पडदा चांगला, व्हॉल्व्ह चांगले. आणखी काय पाहिजे?"

ही हातकळ फार सोयीची. गाडी खूप दिवस उभी राहिली की वाटी सुकते. अशा वेळी सेल्फ मारत बॅटरी संपवण्यापेक्षा कळ हाताने मारून वाटी भरायची. मेस्त्री दर वेळी सुरू करण्याआधी तेच करत होते, वर्षानुवर्षांच्या सवयीने, न सांगता. वाटी भरत होती, इंजिन तीन मिनिटं चालत होतं आणि पंप चांगला आहे हे प्रत्येक वेळी सिद्ध होत होतं.

मी विचारलं, "मेस्त्री, कळ तुम्ही मारता तेव्हा पडद्याला कोण ओढतं?"

"कळच."

"आणि इंजिन चालू असताना?"

ते थांबले. हातातला पाना खाली ठेवला. "आत कॅमशाफ्टवर उंचवटा असतो. तो दांडीला ढकलतो, दांडी पडदा ओढते." मग एकदम म्हणाले, "थांबा हां. पोरा, सेल्फ मार."

नळी बाटलीतच होती. पोराने सेल्फ मारला. इंजिन फिरलं, आणि बाटलीत थेंब पडले. थेंबच. हाताने तीच कळ दाबली तर धार. त्या बाटलीकडे आम्ही तिघं बघत राहिलो. पंप पूर्ण चांगला होता. त्याला कोणी चालवतच नव्हतं.

याचा मला अजून अचंबा वाटतो. हाताने केलेली तपासणी खोटी नव्हती. 'पडदा आणि व्हॉल्व्ह चांगले आहेत का', या प्रश्नाचं खरं उत्तर तिने दिलं होतं. 'इंजिन पंपाला हलवतं का', हा प्रश्न तिला विचारलाच गेला नव्हता, कारण कळ ती जागा ओलांडून थेट पडद्यापाशी पोचते. प्रयोगशाळेत मुलांना मी हेच सांगायचा प्रयत्न करते की प्रयोग नेमकं काय तपासतो ते आधी लिहा. पण पेट्रोलच्या धारेएवढं स्पष्ट उदाहरण मला त्यापूर्वी मिळालं नव्हतं.

मेस्त्रींनी मात्र पंप खोलण्याआधी आणखी एक खात्री करून घेतली. गाडी उघड्या अंगणात ढकलली, पंपाकडून येणारी नळी बंद केली, आणि झाडाला उंचावर बांधलेल्या बाटलीतून पेट्रोल नळीने थेट कार्बोरेटरला दिलं. शेजारी ओलं गोणपाट आणि आग विझवायचा सिलिंडर ठेवला होता. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोलची बाटली टांगणं हे धोक्याचं काम आहे, बंद शेडमध्ये तर कधीच करू नये. इंजिन सुरू झालं. तीन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. आयडलिंग हललं नाही. बाटली संपेपर्यंत ती गाडी अशी चालली की सासरेबुवा पडवीतून उठून अंगणात आले. म्हापशाच्या लेथवर आणि साखळीच्या गॅरेजात झालेलं सगळं काम त्या बाटलीने निर्दोष ठरवलं.

पंप ब्लॉकच्या बाजूला दोन बोल्टांवर बसतो. ब्लॉकची उष्णता पंपाला लागू नये म्हणून दोघांच्या मध्ये काळ्या बेकेलाइटचा ठोकळा असतो आणि ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना पॅकिंग. पंपाची दांडी या ठोकळ्यातून आत जाऊन कॅमशाफ्टच्या उंचवट्याला टेकते. मेस्त्रींनी दांडीच्या टोकाला ग्रीसचा थर लावला, पंप होता तसा बसवला, इंजिन दोनचार वेढे फिरवलं आणि पंप पुन्हा काढला. ग्रीस जवळजवळ जसंच्या तसं होतं. अगदी टोकाशी एक बारीक ओरखडा. उंचवटा दांडीला नुसता स्पर्श करून जात होता.

कारण हातातच होतं. जुनी पॅकिंगं मेस्त्रींनी एका डब्यात जपून ठेवली होती, दोन्ही वहीच्या पुठ्ठ्याइतकी पातळ. नव्या सेटमधली चांगली जाड, त्यांच्यावर गळती नको म्हणून सिलिकॉनचा थर. व्हर्निअरने मोजलं तर नवी जोडी जुनीपेक्षा जवळपास 3 मिलिमीटर जाड भरली. पंप तेवढाच बाहेर सरकला होता. कॅमच्या उंचवट्याने दांडी मुळात काही मिलिमीटरच हलते, त्यातलं बहुतेक सगळं या जाडीने गिळलं.

पंप कसा काम करतो ते पाहिलं की याचं गांभीर्य कळतं. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणजे इंजिन 800 फेऱ्यांवर असताना पंपाला मिनिटाला 400 ओढी मिळतात. उंचवटा पडदा खाली ओढतो तेव्हा टाकीकडून पेट्रोल येतं. पडदा वर ढकलायचं काम स्प्रिंग करते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. वाटी भरली की तिथली सुई वाट बंद करते, स्प्रिंग दबून राहते आणि दांडी रिकामी हलत राहते. म्हणजे गरज असेल तेवढंच पेट्रोल, कुठल्याही वायरीशिवाय. इतकं साधं आणि शहाणं यंत्र मी फार थोडं पाहिलंय. आयडलिंगला प्रत्येक ओढीत मिलिलिटरचा पंचविसावा भाग दिला तरी पुरतं. पण आमच्या पडद्याला तेवढीही हालचाल मिळत नव्हती. आतल्या व्हॉल्व्हच्या चकत्या उचलायलाही पडदा थोडा तरी हलावा लागतो.

मेस्त्रींनी पातळ कागदी पॅकिंग स्वतः कापली, सिलिकॉन खरवडून काढलं. ग्रीसची परीक्षा पुन्हा घेतली, आता टोकाशी रुंद चकचकीत पट्टा उमटला. पॅकिंग हवं त्याहून पातळ करूनही चालत नाही. दांडीवर जास्त ताण येऊन ती किंवा पडदा लवकर जातो, म्हणून जुन्याची जाडी धरूनच कापायचं. नळी बाटलीत धरून सेल्फ मारला आणि धार आली. गाडी सुरू केली, हातकळ न मारता. पहिल्यांदा जरा उशिरा धरलं, कारण वाटी कोरडी होती. मग बंद करेपर्यंत बंद पडली नाही.

एक काम मात्र लगेच करावं लागलं. इतक्या वेळा चोक ओढून सुरू केलेल्या गाडीत कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या टाकीत उतरतं. डिपस्टिक नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास येत होता. नव्या रिंगांना अशा पातळ ऑइलवर चालवणं म्हणजे केलेल्या कामावर पाणी सोडणं. नवं ऑइल होतं तरी सगळं काढून टाकलं आणि पुन्हा भरलं. बंद पडणाऱ्या नव्या इंजिनाला 'चालू दे, सुटेल' म्हणत वारंवार सुरू करत राहू नये ते याचसाठी. बिघाड किरकोळ असतो, पण त्या प्रयत्नांत बोअरला खरी इजा होऊ शकते.

शिवाय रिंगा नुसत्या आयडलिंगवर बसत नाहीत. त्यांना भार लागतो: चढ चढवायचा, मग गॅस सोडून उतरू द्यायचं, पुन्हा चढ. त्यासाठी आमच्याकडे चोर्ला घाटाइतकी चांगली जागा दुसरी नाही. साखळीहून केरी, अंजुणे धरणाचं पाणी उजेडात चकाकतंय, आणि पुढे वळणं. मेस्त्री शेजारी बसले होते, मी चालवत होते. "दाबा, बाई, घाबरू नका, पण एकाच वेगात धरू नका," असं दर वळणाला सांगत होते. घाटात पंपाचीही खरी परीक्षा होती, कारण भार आला की पेट्रोलची गरज आयडलिंगच्या कितीतरी पट वाढते. वर पोचेपर्यंत एकही आचका नाही.

परतताना बोलणं ई20 वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, आलं, हल्ली जुन्या गाडीवाल्यांचं बोलणं तिथेच येतं. पेट्रोलमधलं इथेनॉल 2022 मध्ये दहा टक्क्यांवर आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटमधून जाणारं मिश्रण पातळ पडतं. जुन्या रबराचे पडदे आणि नळ्या त्याने फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि पावसाळ्यात आमच्या हवेत ओलीला काय तोटा. टाकी महिनाभर अर्धी ठेवून गाडी उभी केली तर तळाला पाणी साचण्याची भीती असते. मेस्त्रींचं मत, मुख्य जेट एक नंबर मोठं टाकूया. माझं मत, आधी प्लगचा रंग बघूया. फिकट पांढरा आला तर जेट, फिक्या विटकरीसारखा आला तर आहे तेच. शेवटी तसंच ठरलं.

पंपाला इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पडदा मागवलाय. पाचशे किलोमीटर झाले की ऑइल पुन्हा बदलायचं, हेडचे बोल्ट क्रमाने आवळायचे आणि त्यानंतर टॅपेट फिलर गेजने लावायचे, कारण हेड आवळलं की टॅपेटचं अंतर बदलतं. नोंदणीचं नूतनीकरण गणेश चवथीनंतर आहे. तोवर दर रविवारी केरीपर्यंत एक फेरी मारायची, आणि सुरू करताना हातकळीला कोणी हात लावायचा नाही, असं मेस्त्रींनी पोराला बजावून ठेवलंय.